चौकट ठेवा, दार नंतर बसवा

"पैसे खात्यातून गेले, पण पावती आली नाही. आता काय करायचं?"

वीजबिल भरणारा, एसटीचं तिकीट काढणारा, देवस्थानाला देणगी पाठवणारा, प्रत्येकानं हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो. त्याच्यामागून दुसरा प्रश्न येतोच: "हे लोक वेबसाइट सुरू करण्याआधी तपासून बघत नाहीत का?"

बघतात. पण पैसे गेले आणि पावती आली नाही ही परिस्थिती तपासायची, तर ती आधी घडवून आणावी लागते. "मंगळवारी दुपारी तीन वाजता तुमचा सर्व्हर दहा सेकंद गप्प ठेवा, आम्हाला चाचणी घ्यायची आहे," असं बँकेला कोण सांगणार? आणि अशी चाचणी दिवसातून पन्नास वेळा घ्यायची असेल तर? या प्रकरणात त्यावरचा उपाय पाहू. तो समजून घ्यायला शनिशिंगणापूरइतकं सोयीचं गाव मला दुसरं सापडलं नाही.

१. चौकट आणि दार

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं, की घोडेगावला शिंगणापूरचा फाटा येतो. शिंगणापूर हे नेवासे तालुक्यातलं गाव. शनिदेवाची साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही, भोवती गाभारा नाही. गावातल्या घरांना परंपरेनं दारं नाहीत. देव राखतो, ही श्रद्धा. २०११ साली युको बँकेनं इथे शाखा उघडली, तेव्हा या श्रद्धेचा मान राखून कुलूप न लावणारी शाखा म्हणून उघडली.

पाहुण्याच्या नजरेतून एक गोष्ट मात्र सुटते. दार नसलं तरी चौकट असते. भिंतीत लाकडाची किंवा दगडाची चौकट नीट बसवलेली असते. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून कुणी तिला फळी टेकवून ठेवतो, कुणी पडदा लावतो. चौकटीचं माप ठरलेलं आहे, त्यामुळे तिच्यात काय बसवायचं हे रोज वेगळं ठरवता येतं.

चांगल्या प्रोग्रॅमची रचना अशीच असते. त्याला बँकेशी बोलायचं असतं, एसएमएस पाठवायचा असतो, वेळ विचारायची असते. या प्रत्येक ठिकाणी त्यानं चौकट ठेवावी, दार भिंतीत चिणून टाकू नये. प्रत्यक्ष वापरात चौकटीत खरी बँक बसते. चाचणीच्या वेळी तिथे फळी टेकवता येते.

२. खिडकीमागचा माणूस

आता 'ऑब्जेक्ट' म्हणजे काय ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तहसील कचेरीतल्या खिडक्या आठवा. एका खिडकीवर अर्ज घेतात, दुसरीवर शुल्क भरायचं, तिसरीवर दाखला मिळतो. खिडकीमागच्या माणसाचं कपाट आपण उघडत नाही. आपण सांगतो, "सातबारा द्या," तो देतो. कपाटात फायली कशा लावल्यात, हा त्याचा प्रश्न. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅम म्हणजे अशा खिडक्यांची कचेरी. प्रत्येक ऑब्जेक्टला एक काम, त्याच्याकडे स्वतःची माहिती, आणि बाहेरच्यांनी त्याला सांगायच्या मोजक्या गोष्टी. या मोजक्या गोष्टींच्या यादीला 'इंटरफेस' म्हणतात. आपली चौकट ती हीच.

आपल्या उदाहरणासाठी एका देवस्थानाची ऑनलाइन अभिषेक-नोंदणी कल्पनेनं उभी करू. (उदाहरण पूर्ण माझं आहे, कोणत्याही प्रत्यक्ष देवस्थानाची यंत्रणा आतून कशी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.) मुख्य ऑब्जेक्ट 'नोंदणी'. तिला चौघांची मदत लागते: पैसे घेणारी 'बँक', नोंद ठेवणारी 'वही', पावतीचा एसएमएस पाठवणारा 'निरोप्या' आणि वेळ सांगणारं 'घड्याळ'. वही म्हणजे इथे डेटाबेस.

युनिट टेस्ट म्हणजे यांतल्या एकाच खिडकीची तपासणी. आपल्याला 'नोंदणी' तपासायची आहे. बँक तपासायची नाही, मोबाइल कंपनी तपासायची नाही. अडचण अशी, की नोंदणी एकटी चालतच नाही. तिला हात लावला की मागोमाग चौघे येतात.

याचा त्रास मी स्वतः अनुभवला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात आम्ही एक चाचणी चालवली आणि तिनं खऱ्या ग्राहकांना खरे एसएमएस पाठवले. निरोप्याच्या जागी दुसरं काही बसवण्याची सोयच आमच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. एसएमएसचं दार भिंतीतच चिणलेलं होतं. सकाळी लोकांचे फोन सुरू झाले, आणि प्रत्येकाला समजावून सांगताना आमचा तो दिवस गेला.

३. बदली

मुंबईच्या गिरण्यांमध्ये 'बदली कामगार' असत. कायम कामगार रजेवर गेला, की त्याच्या साच्यावर बदली उभा राहायचा. साच्याला फरक पडत नसे. हात तिथे चालले पाहिजेत, एवढंच. प्रोग्रॅमच्या चाचणीत खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभं राहणाऱ्याला मी 'बदली' म्हणणार आहे.

बदलीला खऱ्याचं सगळं येण्याची गरज नसते. १६६६ सालची आग्र्याहून सुटकेची कथा घराघरात सांगितली जाते. शिवाजी महाराज निसटले आणि त्यांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपले. बखरीतल्या वर्णनाप्रमाणे पहारेकऱ्याला फक्त बाहेर काढलेला हात दिसत होता. हिरोजींना त्या रात्री दरबार भरवायचा नव्हता, खलिते लिहायचे नव्हते. पहारेकरी डोकावून जेवढं पाहणार, तेवढंच पुरवायचं होतं. चाचणीतली सर्वांत साधी बदली अशीच असते: एका प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर. तिला 'स्टब' म्हणतात.

दुसरी बदली खरोखर काम करते, पण हलकं. डेटाबेसच्या जागी आठवणीतली एक साधी यादी ठेवली, नोंद टाकली की तिच्यात जाते, मागितली की मिळते, चाचणी संपली की पुसली जाते. ही 'फेक'.

तिसरी बदली पुण्यात पाहायला मिळते. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या टक्कर-चाचण्या होतात. गाडीत माणसाच्या जागी पुतळा बसवतात. हा पुतळा कपड्याच्या दुकानातल्यासारखा नसतो. त्याच्या डोक्यात, मानेत, छातीत संवेदक असतात. टक्कर झाली की कुठे किती जोर बसला याची नोंद त्याच्या अंगात राहते. गाडी थांबल्यावर इंजिनिअर पुतळ्यालाच 'विचारतात', काय झालं? चाचणीतली अशी बदली गुपचूप नोंद ठेवते: मला किती वेळा बोलावलं, कोणती रक्कम सांगितली, आधी काय आणि नंतर काय. तिला 'स्पाय' म्हणतात. आणि काय घडायला हवं ते तिला आधीच सांगून ठेवलं आणि तसं न घडल्यास चाचणी नापास करण्याचा अधिकारही दिला, तर ती 'मॉक'.

ही नावं जेरार्ड मेस्झारोस यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात नीट लावून दिली. रोजच्या बोलण्यात प्रोग्रॅमर सगळ्यांनाच सरसकट मॉक म्हणतात, आणि त्यानं फारसं बिघडत नाही. मूळ कल्पना मात्र टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली सार्डिनियातल्या एका परिषदेत मांडली. ही कल्पना लंडनच्या ज्या कंपनीत आकाराला आली, तिथले तंत्रप्रमुख जॉन नोलन यांनी एक आव्हान ठेवलं होतं: ऑब्जेक्टच्या पोटातली माहिती बाहेर काढून देणाऱ्या खिडक्या ठेवायच्याच नाहीत. मग ऑब्जेक्टनं काम बरोबर केलं की नाही, हे कळणार कसं? तो शेजाऱ्यांना काय सांगतो ते ऐकून. म्हणून शेजाऱ्याच्या जागी कान देणारी बदली बसवली. मला या गोष्टीत एक मोठं मर्म दिसतं. मॉक ही सोय म्हणून जन्माला आलेली नाही. ऑब्जेक्टचं पोट फाडून न पाहता त्याच्या वागण्यावरून त्याला ओळखायचं, या आग्रहातून ती आली आहे.

४. बँकेची तीन उत्तरं

आता प्रत्यक्ष काम. एका भक्तानं ५०१ रुपयांचा अभिषेक नोंदवला. बँक काय म्हणेल?

नवा प्रोग्रॅमर दोन उत्तरं धरतो: हो किंवा नाही. हो आलं तर वहीत 'पक्की' लिहा, पावती पाठवा. हो आलं नाही तर 'रद्द' लिहा. दोन ओळींचं काम. डोळ्यांना बरोबरच दिसतं.

बँकेला तिसरं उत्तरही असतं: ती काहीच बोलत नाही. निरोप गेला, पैसे खात्यातून निघाले, पण "मिळाले" हा उलटा निरोप वाटेत अडकला. प्रोग्रॅम ठरलेला वेळ वाट पाहतो आणि सोडून देतो. वरच्या दोन ओळींच्या हिशोबानं 'हो' आलेलं नाही. म्हणून नोंद रद्द. भक्ताचे पैसे गेलेले, देवस्थानाच्या वहीत 'रद्द', पावती नाही. प्रकरणाच्या सुरुवातीचा प्रश्न इथे जन्मतो. 'हो नाही' आणि 'नाही' या दोन गोष्टी एकच धरल्यानं.

खऱ्या बँकेसमोर हा प्रसंग मुद्दाम आणता येत नाही. बदली बँकेसमोर येतो. चाचणी मराठीत लिहिली तर अशी दिसेल:

चाचणी: बँक गप्प राहिली तर नोंद प्रलंबित राहते
बदली बँकेला शिकव: पैसे मागितले की "वेळ संपली" म्हण
नोंदणी तयार कर: तिला बदली बँक, बदली वही, बदली निरोप्या दे
नोंदणीला सांग: ५०१ रुपयांचा अभिषेक नोंदव
तपास: वहीतली स्थिती "प्रलंबित" आहे
तपास: निरोप्यानं पावती पाठवलेली नाही

नावाखालच्या पहिल्या दोन ओळी मांडामांड, मग एक कृती, मग पडताळणी. जगातल्या बहुतेक युनिट टेस्ट याच बेताच्या असतात. जावामध्ये मॉकिटो, पीएचपीमध्ये पीएचपीयुनिट, पायथनमध्ये त्या भाषेसोबतच येणारं मॉकचं दालन (ते २०१२ साली ३.३ या आवृत्तीत आलं) ही साधनं चौकट दाखवली, की तिच्या मापाची बदली जागच्या जागी तयार करून देतात. हातानं लिहावी लागत नाही.

वरच्या चाचणीतल्या मांडामांडीच्या दुसऱ्या ओळीकडे पुन्हा पाहा. नोंदणी तयार करताना मदतनीस तिला बाहेरून दिले आहेत. नोंदणीनं आत बसून स्वतःच खरी बँक उभी केली असती, तर ही चाचणी लिहिताच आली नसती. मदतनीस बाहेरून देण्याच्या या पद्धतीला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' असं भारदस्त नाव आहे. नावाला घाबरू नये. चौकट ठेवली, दार बाहेरून आणून बसवलं, एवढाच त्याचा अर्थ.

दोन ओळींच्या जुन्या प्रोग्रॅमवर ही चाचणी चालवली तर ती नापास होते: "अपेक्षित प्रलंबित, मिळालं रद्द." भक्ताचा फोन येण्याच्या कितीतरी आधी, प्रोग्रॅमरच्या टेबलावरच दोष सापडला. दुरुस्ती अशी: उत्तर आलं नाही तर 'प्रलंबित' लिहायचं, आणि थोड्या वेळानं त्याच व्यवहार क्रमांकानं बँकेला पुन्हा विचारायचं.

तोवर भक्तानं काय करायचं? रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात यासाठी मुदत घालून दिली आहे. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हा आपला हक्क आहे. व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.

बदलीचा आणखी एक फायदा साध्या गुणाकारानं दिसतो. बँकेची उत्तरं तीन. निरोप्याची दोन: एसएमएस गेला, नाही गेला. वहीची दोन: लिहिली गेली, नाही लिहिली गेली. ३ × २ × २ = १२ परिस्थिती. पैसे मिळाले, वहीत लिहिलं गेलं, पण एसएमएस गेला नाही ही एक. पैसे मिळाले आणि वहीतच लिहिता आलं नाही ही दुसरी, आणि सर्वांत वाईट. खऱ्या यंत्रणांकडून या बाराच्या बारा घडवून घ्यायला वर्ष जाईल. बदल्यांकडून त्या डोळ्याचं पातं लवण्याआधी घडतात. खऱ्या बँकेला एका चाचणीमागे दोन सेकंद लागले, तर ५०० चाचण्यांना १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास. दर बदलानंतर सतरा मिनिटं कोणी थांबत नाही. मग चाचण्या चालवणं बंद होतं आणि दोष पुन्हा भक्ताच्या फोनवरूनच कळू लागतात.

५. पैसे एकदाच घ्यायचे

गर्दीच्या दिवशी साइट हळू चालते. माणूस 'पैसे भरा' दाबतो, काही हलत नाही, पुन्हा दाबतो. मग दोनदा ५०१ जातात.

इथे वही पाहून भागत नाही. वहीत एकच नोंद असेलही, पण बँकेला दोनदा सांगितलं गेलं असेल. म्हणून मॉक लागते. तिला आधी सांगायचं: "'पैसे घे' हा निरोप तुला एकदाच यायला हवा. दुसऱ्यांदा आला तर चाचणी नापास कर." मग नोंदणीला एकाच नोंदणी क्रमांकानं दोनदा सांगायचं. आलेल्या निकालावर वाद घालायला जागा राहत नाही.

स्टब उत्तर देते, मॉक जबाब घेते. हा फरक मनात पक्का बसला की अर्धा विषय संपला.

६. अमावास्या कधी लागते

मदतनिसांमधलं चौथं, घड्याळ, यालाही बदली लागते असं सांगितलं की नवे प्रोग्रॅमर चकित होतात. वेळ तर नेहमी मिळते! मिळते, पण हवी ती मिळत नाही.

समजा आपल्या देवस्थानानं नियम केला, की शनी अमावास्येला गर्दी फार असते, म्हणून त्या दिवसाची ऑनलाइन नोंदणी बंद. अमावास्या शनिवारी येणं रोजचं नाही. २०२५ मध्ये २९ मार्चला आली, २३ ऑगस्टला आली. प्रोग्रॅम सरळ सर्व्हरचं घड्याळ पाहत असेल, तर हा नियम बरोबर लिहिलाय का हे पाहायला पुढच्या शनी अमावास्येपर्यंत थांबावं लागेल, आणि नेमक्या त्याच दिवशी दारात हजारो माणसं उभी असतील. घड्याळ चौकटीत बसवलं, तर चाचणी स्वतः सांगते: "आज २३ ऑगस्ट २०२५ आहे, सकाळचे दहा वाजलेत."

आता एक बारकावा. पुष्कळ सर्व्हरची घड्याळं जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. शनिवार सुरू होऊन अर्धा तास झाला, रात्रीचे साडेबारा वाजले, रांगेत माणसं उभी आहेत. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा शुक्रवार, २२ ऑगस्ट, संध्याकाळचे सात वाजलेत! पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी शुक्रवारच असतो. शनिवारचा नियम पहिले साडेपाच तास लागूच होत नाही आणि रविवारी पहाटेपर्यंत लागू राहतो. दुपारी ऑफिसात बसून तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही, कारण दुपारी दोन्ही घड्याळांत वार एकच असतो. बदली घड्याळात रात्री साडेबारा लावले, की एका क्षणात दिसतो.

बारकावा इथे संपत नाही. तिथी मध्यरात्री बदलत नाही. ती अमावास्या शुक्रवारी २२ ऑगस्टला दुपारी बाराच्या सुमारास लागली आणि शनिवारी दुपारी बाराच्या आधीच संपली. म्हणून त्या वर्षी पोळा शुक्रवारी झाला आणि शनी अमावास्या शनिवारी मानली गेली. शनिवारच्या सूर्योदयाला अमावास्या होती. मग शनिवारी संध्याकाळी, तिथी संपल्यावर, नोंदणी बंद ठेवायची की सुरू करायची?

प्रोग्रॅमरनं हे स्वतः ठरवू नये. त्यानं देवस्थानाच्या माणसांना, गुरुजींना विचारावं. चाचणी लिहायला बसल्यावरच हा प्रश्न पुढे येतो, हे मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. चाचणीत 'शनिवार, २३ ऑगस्ट, संध्याकाळी सहा, अपेक्षित उत्तर...' इथवर लिहिलं, की हात थांबतो. उत्तर ठाऊक नाही, हे तिथे कळतं. नियम तोंडी होता तोवर प्रत्येकाला तो समजल्यासारखा वाटत होता.

यासाठी प्रोग्रॅममध्ये 'पंचांग' हा पाचवा मदतनीस द्यावा. या क्षणी तिथी कोणती आणि आजच्या सूर्योदयाला कोणती होती, एवढ्या दोन प्रश्नांची त्याची चौकट. प्रत्यक्षात तिच्यामागे पंचांगाचं गणित असेल किंवा वर्षभराची छापील यादी असेल. चाचणीत एक वाक्य पुरतं: "आज अमावास्या आहे असं सांग."

७. बदली चुकीचं शिकली तर

इतकं कौतुक केल्यावर एक धोका सांगायलाच हवा. हा धोका हलका नाही.

बदलीला आपण जे शिकवतो तेच ती बोलते. आपलीच समजूत चुकीची असेल, तर बदली ती चूक मान डोलावून स्वीकारते. भारतातल्या अनेक पेमेंट गेटवेंना (साइट आणि बँक यांच्यामधल्या मध्यस्थ सेवांना) रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०१ रुपये घ्यायचे तर ५०१०० असा आकडा पाठवायचा. प्रोग्रॅमरला हे ठाऊक नाही. तो ५०१ पाठवतो. त्याची बदली बँक त्यानंच लिहिलेली. ती ५०१ पाहते आणि "मिळाले" म्हणते. सगळ्या चाचण्या हिरव्या. सोमवारी साइट सुरू होते आणि प्रत्येक अभिषेकाला देवस्थानाच्या खात्यात ५ रुपये १ पैसा जमा होतो.

अशा चुकीनं एक अवकाशयान गेलं आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी हरवलं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होता आणि ते घेणारा न्यूटनच्या मापात आहेत असं धरत होता. दोन्हींत साडेचार पटींच्या आसपास फरक. आपापल्या खिडकीत दोघांचंही बरोबर चाललं होतं, फक्त चौकटीचं माप दोघांनी वेगळं धरलं होतं.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला रचनेचा. परक्या कंपनीच्या गेटवेची थेट नक्कल करायची नाही. आपली स्वतःची, लहान, आपल्या भाषेतली चौकट करायची: 'इतके रुपये घे'. रुपयांचे पैसे करणं, गेटवेशी त्याच्या भाषेत बोलणं, हे सगळं त्या चौकटीमागच्या एकाच दुभाष्याकडे द्यायचं. मॉक आपल्या चौकटीची. परक्याच्या घराचं माप आपण घेतलेलं नसतं, आणि तो ते न सांगता बदलूही शकतो.

दुसरा उपाय म्हणजे त्या दुभाष्याला खऱ्यासमोर उभं करणं. अहिल्यानगरजवळ वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. लष्करी वाहनांची तिथे परीक्षा होते. सुटा भाग आधी प्रयोगशाळेत तपासतात, पण तेवढ्यावर गाडी पास होत नाही. तिला चाचणी मार्गांवर, चढांवर, खडबडीत पट्ट्यांवर प्रत्यक्ष पळवतात. पेमेंट गेटवेही असाच एक मार्ग देतात. तिथे यंत्रणा त्यांचीच असते, पैसे मात्र खोटे. दुभाष्याच्या मोजक्या चाचण्या तिथे, खऱ्या जाळ्यावरून, निदान रोज एकदा चालवायच्या. ५०१ पाठवले तर समोर ५०१ रुपयेच उमटतात का? ही एक चाचणी वरची सगळी आफत टाळते.

८. बदली कुठे नको

रक्कम, तारीख, भक्ताचं नाव आणि गोत्र, पावतीचा मजकूर: या साध्या गोष्टींना बदली करू नये. त्या खऱ्याच वापराव्यात. त्यांना ना जाळं लागतं ना वेळ.

आणि प्रत्येक ओळीमागे मॉक उभी करू नये. काही चाचण्या मी अशा पाहिल्या आहेत, की नोंदणी आतून कोणाला कोणत्या क्रमानं काय सांगते याची त्या हुबेहूब नक्कलच असतात. प्रोग्रॅमच्या आतली मांडणी जरा सुधारली, बाहेरून वागणं तसंच राहिलं, तरी वीस चाचण्या कोसळतात. मग सहकारी सुधारणा करायलाच घाबरतात. पावती एकदाच जाते का, हे विचारणं योग्य. पावती पाठवण्याआधी नोंदणीनं मजकूर कुठून आणि कितव्यांदा वाचला, हे विचारणं म्हणजे कारकुनाच्या खिडकीवर जाऊन त्याचं कपाट तपासणं.

माझा स्वतःचा नियम सोपा आहे. जिथे प्रोग्रॅम आपल्या हाताबाहेरच्या गोष्टीला स्पर्श करतो, तिथेच चौकट आणि तिथेच बदली. बँक, एसएमएस, घड्याळ, पंचांग, कधी डेटाबेस. आतल्या आत खोलीतून खोलीत जायला दर ठिकाणी चौकट लागत नाही.

वाचक प्रोग्रॅमर असेल, तर त्याच्यासाठी एक काम ठेवतो. १६ मे २०२६ हा शनिवार. त्या दिवशी अमावास्या आहे आणि शनी जयंतीही. तिथी शनिवारी पहाटे सूर्योदयाआधी लागते आणि रात्री दीडच्या सुमारास संपते; तोवर आपल्या भिंतीवरच्या घड्याळात रविवार, १७ मे लागलेला असतो आणि सर्व्हरच्या घड्याळात शनिवारच चालू असतो. बदली घड्याळात शनिवारी पहाटेचे चार, सकाळचे दहा, त्यानंतरच्या रात्रीचे एक आणि दोन अशा चार वेळा लावा, प्रत्येकीपुढे नोंदणी बंद की सुरू हे गुरुजींना विचारून लिहा, आणि मग चाचणी चालवा. ती तारीख येऊन गेली असली तरी चालेल. बदली घड्याळ मागेही फिरवता येतं.